वस्तीची बातमी वस्तीनेच लिहावी

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



समितीने आम्हाला 'प्रसारमाध्यमे आणि आंबेडकरी समाज' असा भारदस्त विषय दिला होता. तो प्राध्यापक मंडळींनी बोलावा. आम्ही गिरणीत पाळी करून रात्रीच्या शाळेत शिकलेलो. आम्ही आपले या विहारात दर रविवारी वंदनेनंतर जो बातमीचा वर्ग भरतो त्याविषयी बोलू. तो का सुरू झाला हे पुष्कळांना ठाऊक नाही. काही जण म्हणतात, गिरणी बंद पडली, आता ह्यांना पत्रकार व्हायची हौस आली. हौसेने सुरू झाला असता तर बरेच झाले असते.

२०२१ सालचा मे महिना. आपल्या मागच्या गल्लीतल्या सार्वजनिक शौचालयाची टाकी तुंबली होती. ठेकेदाराने दोन पोरे आणली. झाकण उघडले. तोंडाला फडके, हातात बादली, बस्स. पहिला आत उतरला आणि त्याचा आवाज यायचा बंद झाला. त्याला काढायला दुसरा उतरला. दुसरा वाचला. पहिला गेला. तेवीस वर्षांचा होता.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या. मथळा होता, टाकीत पडून तरुणाचा मृत्यू.

मंडळी, तो पडला नव्हता. त्याला उतरवला होता. 'पडला' लिहिले की चूक मेलेल्याच्या पायाची होते. 'उतरवला' लिहिले की लगेच प्रश्न येतो, कोणी? २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूच्या वारसांना दहा लाख रुपये द्यावेत असे सांगितले, आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाखांवर नेली. पण हे सगळे 'उतरवला' या शब्दावर उभे आहे. 'पडला' म्हटले की कुटुंबाच्या हातात नुसता मृत्यूचा दाखला उरतो.

आम्ही सगळ्यांनी मिळून त्या बातमीदाराला शिव्या घातल्या. जातीवर गेलो, पगारावर गेलो. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा आमचीच लाज वाटली. तो दुपारी दोनला आला, पोलिसांकडून जे मिळाले ते लिहून घेऊन गेला. 'पडून' हा शब्द त्याला कोणीतरी दिला. दुसरा शब्द द्यायला आमच्यापैकी कोणी पुढे झाले का? आम्ही शंभर माणसे तिथे उभी होतो. आठव्या दिवशी चौकशीला साहेब आले. किती वाजता झाले? एक म्हणाला नऊ, दुसरा म्हणाला साडेदहा. कमरेला दोर होता का? एक हो, एक नाही. ठेकेदाराचा माणूस हजर होता का? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. साहेबांनी वही मिटली. त्या पोराची आई दाराशी बसून हे सगळे ऐकत होती. तिच्या हातात आजपर्यंत एक रुपया पडलेला नाही.

हे दुखणे आजचे नाही. बघितलेले पुष्कळ, लिहिलेले काही नाही, अशी आपली जुनी स्थिती. गिरणीतलेच घ्या. साचेखात्यात आपल्या माणसाला पूर्वी जागा नव्हती. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ होई. हजारो कामगार हे रोज डोळ्यांनी बघत होते. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी तो प्रश्न पुढे आणला तेव्हा कुठे तो मागण्यांमध्ये आला. म्हणून तर त्यांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ ला घेतले आणि अवघ्या चौदा दिवसांनी, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक बाहेर आला. महाडला काय घडले ते दुसऱ्याच्या पत्रावर सोपवायचे नाही, ही त्यातली दृष्टी आम्हाला दिसते. त्याच्याही आधी नारायण मेघाजी लोखंडे, गिरणीत नोकरी केलेला माणूस, त्यांनी १८८० पासून मुंबईतून 'दीनबंधू' चालवला.

आणि आपल्या डोळ्यांदेखतचे? भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीला २९ सप्टेंबर २००६ ला एका कुटुंबातली चार माणसे मारली गेली. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या पत्रांना त्याचे गांभीर्य कळायला महिनाभर लागला. विदर्भातले कार्यकर्ते स्वतः गावात गेले, माहिती गोळा केली, हातोहात वाटली, लोक रस्त्यावर आले, तेव्हा ते कळले.

शिकून हे येते का, असे भगिनी विचारतात. येते. उत्तर प्रदेशात चित्रकूट जिल्ह्यात २००२ साली बायांनी 'खबर लहरिया' नावाचे पत्र बुंदेली बोलीत सुरू केले. त्यात दलित बाया पुष्कळ, शाळा कमी शिकलेल्या. बातमी आणणे, लिहिणे, छापणे, गावोगाव नेऊन विकणे, सगळे त्यांनीच केले. पुढे हातात मोबाईल घेऊन चित्रफिती काढू लागल्या. त्यांच्यावरचा माहितीपट २०२२ साली ऑस्करच्या अंतिम नामांकनापर्यंत गेला. आम्हाला ऑस्करचे काय? आम्हाला त्यांची वही हवी.

आपल्या वर्गात आम्ही वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायला लावतो. डाव्या बाजूला 'पाहिले', उजव्या बाजूला 'ऐकले'. पहिल्या महिन्यात सगळ्यांची उजवी बाजू भरलेली आणि डावी कोरी! कालामांना भगवंतांनी काय सांगितले ते भन्तेजी आपल्याला दरवर्षी समजावतात, पण ते पानावर उतरवताना घाम फुटतो. कोण, काय, कुठे, कधी, कसे, का, हे सहा प्रश्न. त्यात 'का' सर्वांत शेवटी, कारण आपल्या लोकांना 'का' आधी सुचतो आणि 'कधी' आठवत नाही. लिहिणे त्याच दिवशी, झोपायच्या आधी. बाईवर अत्याचार झाला असेल तर तिचे नाव नाही, गल्लीसुद्धा नाही. कायद्याचीही तशीच बंदी आहे. भांडणाच्या जागी एकट्याने जायचे नाही.

भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या एक आजी वर्गाला येतात. त्यांना लिहिता येत नाही, नात लिहिते. घड्याळ त्यांच्याकडे नाही. पण त्या सांगतात, दुपारची अजान झाली आणि शाळेची पोरे यायची होती. नात लगेच वेळ काढते. आजींची डावी बाजू सगळ्यांत भरलेली असते.

२०२३ साली खालच्या आळीत गढूळ पाणी यायला लागले. वर्गातल्या सात जणींनी सोळा दिवस नोंद ठेवली. पाणी किती वाजता आले, किती वेळ राहिले, वास कसा, कोणाच्या घरी पोर आजारी. मग दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. उत्तर आले की तिथे रोज दोन तास पाणी दिले जाते. आमच्या वहीत पस्तीस मिनिटे. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून साहेबांच्या टेबलावर नेले. साहेब ओरडले नाहीत, त्यांनी माणूस पाठवला. गटारातून गेलेला पाइप फुटलेला निघाला. बदलला.

आता आमची फजिती पण सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल नुसती बढाई. वर्गातल्या एका उत्साही मुलाने बाहेरच्या फळ्यावर लिहिले, रेशन दुकानदाराने रात्री धान्याची गोणी टेम्पोत भरली. सकाळी दुकानासमोर गर्दी. दुकानदार पावत्या घेऊन विहारात आला. ती गोणी त्याच्या मेव्हण्याच्या लग्नाच्या तांदळाची, बाजारातून आणलेली. मुलाने गोणी पाहिली होती, पण 'रेशनची' हे त्याने ऐकले होते आणि लिहिले डाव्या बाजूला. चौथे शील आम्ही रोज म्हणतो आणि विहाराच्याच फळ्यावर खोटे लिहिले गेले. काही कार्यकर्ते म्हणाले, पुसून टाका, गवगवा कशाला. आम्ही ऐकले नाही. त्याच फळ्यावर, त्याच अक्षरात, तेवढ्याच मोठ्या जागेत चूक लिहिली आणि आठ दिवस ठेवली. मुलाला वर्गातून काढले नाही. आता तोच दुसऱ्यांच्या वह्या तपासतो, आणि फार कडक तपासतो.

वर्ग रविवारी सकाळी दहा ते बारा, विहाराच्या मागच्या खोलीत. फी नाही. येताना दोनशे पानी रेघांची वही आणि निळ्या शाईचे पेन आणावे. मागची गल्ली आणि शौचालयाच्या बाजूची चाळ, इथून अजून एकही माणूस आलेला नाही. तिथल्या कोणी आज हजर असेल तर कार्यक्रम संपल्यावर आम्हाला भेटावे, आम्ही जेवणाच्या रांगेपाशी उभे आहोत.

जयभीम!