भीड आणि बिल

सकाळी साडेनऊच्या कार्यक्रमाला खरोखरच साडेनऊला येऊन आम्हा संयोजकांची पळापळ केलेल्या माझ्या तरुण मित्र-मैत्रिणींनो,

कोल्हापुरात तुमचं मनापासून स्वागत. इचलकरंजी, सांगली, कराड, बेळगाव, सावंतवाडी, जिथून कुठून आला असाल तिथून घाटातले नाहीतर हायवेवरचे खड्डे चुकवत आलात, त्याबद्दल आभार.

स्वागताध्यक्ष कुणाला करतात हे तुम्हाला ठाऊक असेलच. मंडपवाला, आचारी आणि गाड्या लावायला शाळेचं मैदान देणारे मुख्याध्यापक, हे तिघेही ज्याच्या ओळखीचे असतात त्याला. त्या न्यायाने माझी निवड बिनविरोध झाली. बाकी मी शिरोली एमआयडीसीत कास्टिंगचं मशिनिंग करून देणारा माणूस. सात मशिनं आहेत. वडील शिवाजी उद्यमनगरात दुसऱ्याच्या लेथवर टर्नर होते. त्यांच्या डब्याबरोबर मीही तिथे जायचो आणि बर्र करून येणारा लोखंडाचा कीस बघत बसायचो. तिथूनच सगळं सुरू झालं.

स्वागताध्यक्षाने गावाची महती सांगायची, अशी प्रथा आहे. अंबाबाई, रंकाळा, तालमी, गूळ, चप्पल हे सगळं तुम्ही ऐकून आहात. मी एका चहाच्या दुकानाबद्दल सांगतो, कारण आजच्या विषयाशी तेच जास्त जवळचं आहे. शंभर वर्षांपूर्वी गंगाराम कांबळे नावाच्या गृहस्थांनी शाहू महाराजांच्या पाठिंब्याने या शहरात हॉटेल काढलं. नाव ठेवलं सत्यसुधारक. कांबळे अस्पृश्य समाजातले. चहा चांगला असून भागणार नव्हतं, कारण प्यायला माणूसच यायचा नाही. मग महाराज स्वतः त्या हॉटेलचा चहा घ्यायला लागले, आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावू लागले. छत्रपती चहा पितात म्हटल्यावर नाक मुरडणार कोण? या गोष्टीकडे समाजसुधारणा म्हणून पाहतात, ते योग्यच आहे. मी धंदेवाला माणूस, मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. नव्या धंद्याला भांडवलाइतकीच पहिल्या गिऱ्हाइकाची गरज असते. कर्ज बँक देते. पहिलं गिऱ्हाईक कुणी द्यायचं? आज या हॉलमध्ये अडीचशे जण आहेत. दुपारच्या सुट्टीत मोबाईलमध्ये मान घालून बसू नका, शेजारच्याला विचारा, तू काय करतोस, तुला काय लागतं. अशा परिषदेचा निम्मा फायदा जेवणाच्या रांगेत होतो.

तर आता मुद्दा. आज दिवसभर तुम्हाला मार्केटिंग, निर्यात, डिझाइन यावर माझ्यापेक्षा हुशार माणसं सांगणार आहेत. मला एकाच गोष्टीवर बोलायचं आहे, आणि ती शाळा-कॉलेजात कुणी शिकवत नाही. आपलेच पैसे मागायचे कसे?

माझी गोष्ट सांगतो. १९९९ साल. एकच जुना लेथ, उद्यमनगरातला भाड्याचा गाळा. पुण्याच्या एका कारखान्यातून फोन आला. बेअरिंग कॅपचे बाराशे नग, नगाला पस्तीस रुपये. पर्चेसचे साहेब म्हणाले, "तुम्ही सुरू करा, पीओ मागनं पाठवतो." बेचाळीस हजारांचं काम! मी रात्रपाळ्या करून माल दिला. साहेबांनी दोन महिन्यांनी नोकरी सोडली. नवे साहेब म्हणाले, पीओ नंबर सांगा. लेखी ऑर्डर आलीच नव्हती, तो कुठून सांगणार? मी तीनदा एसटीने पुण्याला गेलो. तिसऱ्या खेपेला रिसेप्शनवरच्या बाईंनी चहा दिला, बसायला सांगितलं, दोन तासांनी पुन्हा चहा दिला. आणि मित्रांनो, मला राग आला नाही. मला ओशाळल्यासारखं झालं. या बिचाऱ्या बाईला आपल्यामुळे उगाच त्रास, असं वाटलं आणि मी उठून स्वारगेटला आलो. ते बेचाळीस हजार आजवर आलेले नाहीत.

याला आपल्याकडे भीड म्हणतात. आणि आपल्या बायाबापड्यांनी कधीचं सांगून ठेवलंय की भीड ही भिकेची बहीण.

आता गंमत बघा. या जिल्ह्यातल्या माणसाला पैसे मागता येत नाहीत असं म्हणायची कुणाची छाती आहे? दूध घातलं की दर दहा दिवसांनी बिल खात्यावर यायलाच पाहिजे. दोन दिवस उशीर झाला तर संस्थेच्या सचिवाला चौकात गाठतात. ऊस घातला की चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात तसं लिहिलं आहे, आणि उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज. शेतात राबणाऱ्या, चौथी शिकलेल्या माणसालाही हा आकडा पाठ आहे. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला माणूस मावत नाही तो याच आकड्यांसाठी. आणि त्याच घरातला पोरगा इंजिनिअर होतो, वर्कशॉप नाहीतर डिझाइनचं ऑफिस टाकतो, आणि एकशे वीस दिवस बिल थकलं तरी फोन करून म्हणतो, "सर, जरा बघता का?"

बापाला चौदा दिवस पाठ आहेत. पोराला पंचेचाळीस दिवस माहीत नाहीत. म्हणून ते आज सांगतो.

२००६ साली सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा झाला. त्यात आहे की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचा माल किंवा सेवा घेणाऱ्याने ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे, आणि ती तारीख काहीही ठरवली तरी माल स्वीकारल्यापासून पंचेचाळीस दिवसांच्या पुढे नेता येत नाही. काहीच ठरलं नसेल तर पंधरा दिवस. चुकलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. २०२३-२४ पासून आयकरातही पेच टाकला आहे: या मुदतीत पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षात वजा मिळत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षात मिळतो. त्यामुळे मार्च महिन्यात मोठ्या कंपन्यांच्या अकाउंट्सवाल्यांना अचानक आपली आठवण येऊ लागली. मी पाहिलंय, फेब्रुवारीत फोन न उचलणारा माणूस पंचवीस मार्चला स्वतः फोन करून बँकेचा तपशील विचारतो.

पण हे लागू व्हायला तुमची उद्यम नोंदणी हवी. आधार आणि पॅनवर होते, सरकारच्या पोर्टलवर फुकट होते. हजार-दोन हजार घेऊन करून देणाऱ्या वेबसाइट्स आहेत, तिकडे जाऊ नका. आणि नोंदणी पहिलं काम घेण्याआधी करा. भांडण झाल्यावर नंबर काढायला धावलात तर उशीर झालेला असतो. हा नंबर बिलाच्या माथ्यावर छापा. माझ्या ओळखीच्या एका मुलीने फक्त एवढंच केलं. बिलावर उद्यम नंबर आणि खाली एक ओळ, की देय तारीख अमुक. भांडण नाही, तंटा नाही. तिची बिलं लवकर निघू लागली, कारण मोठ्या ऑफिसात कारकून तारीख बघून गठ्ठा लावतो. ज्या बिलावर तारीख नाही ते तळाला.

आता खरं सांगायचं तर कायद्याचं हत्यार सारखं परजायचं नसतं. सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते, फॅसिलिटेशन कौन्सिलकडे प्रकरण जातं. पण ज्याच्याकडून पुढच्या महिन्यातही काम हवं आहे त्याच्यावर केस कोण घालतो? आपला निम्मा व्यवसाय पाच-सहा गिऱ्हाइकांवर उभा असतो. म्हणून बिल तुंबायच्या आधीची कामं जास्त महत्त्वाची. मोठ्या कंपनीचं काम असेल तर ट्रेड्स नावाची ऑनलाइन सोय बघा. तिथे तुमचं मंजूर झालेलं बिल बँका बोली लावून घेतात, पैसे तुम्हाला काही दिवसांत मिळतात आणि कंपनी तिच्या मुदतीत बँकेला देते. अडीचशे कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची केली आहे. तुमचं गिऱ्हाईक त्यात बसत असेल तर नुसतं विचारा, साहेब, तुमचं ट्रेड्स चालू आहे का? हा प्रश्न विचारला की समोरचा खुर्चीत जरा सरळ होऊन बसतो.

उधारी महाग का पडते, याचा हिशेब मी एकदा कागदावर मांडला आणि त्या रात्री झोप लागली नाही. तुम्हीही मांडा. समजा एक व्हीएमसी मशीन घेतलं. महिन्याला हप्ता त्रेपन्न हजार, दोन पाळ्यांच्या दोन ऑपरेटरांचे चाळीस हजार, वीज अठरा, टूल आणि इन्सर्ट पंधरा, गाळाभाडं आणि किरकोळ चौदा. झाले एक लाख चाळीस हजार. नवा मुलगा काय करतो? दोन पाळ्या, आठ-आठ तास, पंचवीस दिवस, म्हणजे चारशे तास. भागाकार केला, तासाला साडेतीनशे. त्यावर थोडा नफा चढवला आणि दर देऊन मोकळा. पण चारशे तास मशीन चालतं कुठे? सेटिंग आहे, लाइट जाते, कास्टिंग वेळेवर येत नाही, ऑपरेटर गावच्या जत्रेला जातो. प्रत्यक्षात दोनशे साठ तास हाती लागतात. मग तासाचा खर्च होतो पाचशे अडतीस. म्हणजे हा पोरगा काम मिळाल्याच्या आनंदात दर तासाला नुकसान कापतोय. आणि वर गिऱ्हाईक नव्वद दिवसांनी पैसे देतंय, म्हणजे तीन महिन्यांचा खर्च, चार लाख वीस हजार रुपये, यानेच स्वतःच्या खिशातून गिऱ्हाइकाला बिनव्याजी वापरायला दिलेत. जीएसटीची तारीख तर गिऱ्हाइकाने पैसे दिले का हे विचारून येत नाही. ती येतेच.

मशिनिंगवाल्यांसाठी एक खास गोष्ट, बाकीच्यांनी दोन मिनिटं सहन करा. कास्टिंग फाउंड्रीतून येतं, आपण अर्धं मशिनिंग करतो आणि आत ब्लो होल म्हणजे पोकळी निघते. नग बाद. चूक फाउंड्रीची, पण तोवर लागलेली आपली मजुरी कुणी द्यायची? आमच्या भागात अनेकांची वर्षं या एका वादात गेली आहेत. हे दर ठरवतानाच लिहून घ्यायचं: कास्टिंगच्या दोषाने बाद झालेल्या नगावर त्या टप्प्यापर्यंतची मजुरी मिळेल. तोंडी ठरवलेलं डेबिट नोट येईपर्यंतच टिकतं. आणि जे डिझाइन, फोटोग्राफी, सॉफ्टवेअर, इंटिरिअर करतात त्यांचा ब्लो होल म्हणजे "अजून एक छोटासा बदल". किती बदल दरात धरलेत ते सुरुवातीच्या ईमेलमध्ये लिहा आणि निम्मे पैसे आधी घ्या. अॅडव्हान्स मागितल्यावर जे गिऱ्हाईक पळतं ते पुढे पैसे देतानाही पळणारच होतं.

नोकरीत असलेल्यांना माझं सांगणं जरा वेगळं. नोकरी सोडायची घाई करू नका. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये नोकरीला होते, मग बेळगावात सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी. पहिले नांगर विकायला त्यांना फार वाट पाहावी लागली, लोखंडाने जमिनीला विष होतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. मधल्या काळात सायकलच्या दुकानाने सांभाळलं. तुमचा पगार हे तुमचं सायकलचं दुकान आहे, पहिला नांगर विकला जाईपर्यंत ते बंद करू नका. नोकरीत असेपर्यंत जेवणाच्या सुट्टीत कधीतरी पर्चेस आणि अकाउंट्सच्या टेबलाशी जाऊन बसा. बिल कुठे अडतं, कुणाच्या सहीला थांबतं, ते तिथे दिसेल. आणि कंपनी बदलताना पीएफ काढून मोबाईल घेऊ नका. नव्या खात्यात वळवा. पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर करही लागतो.

कर्जाबद्दल फार बोलत नाही, दुपारी बँकेचे अधिकारी येणार आहेत. मुद्रा कर्जाची मर्यादा आता वीस लाखांपर्यंत गेली आहे, पण वरचे दहा लाख आधीचं कर्ज नीट फेडलेल्यालाच मिळतात. अनुदानासाठी धंदा काढू नका, एवढंच. अनुदानावर आलेली आणि प्लास्टिकही न काढलेली मशिनं मी लिलावात बघितली आहेत.

आता व्यवस्थेच्या सूचना. पाण्याचे जार दोन्ही दारांपाशी आहेत. शाळेच्या मैदानात गाडी लावली असेल तर पाचला गेट बंद होतं. जेवण एक वाजता, तांबडा-पांढरा आहे, शाकाहाऱ्यांची पंगत उजव्या हाताला. आणि पाहुण्यांनी आधी बसायचं. आचारी, मंडपवाला आणि साउंडवाला यांना अर्धे पैसे आम्ही पंधरा दिवसांपूर्वीच दिले आहेत. उरलेले आज संध्याकाळी सहाला, मंडप सोडायच्या आधी. साउंडवाला काल रात्री मला म्हणाला, "दादा, घाई नाही, पुढच्या आठवड्यात द्या." मी त्याला तिथल्या तिथे बिल लिहायला बसवलं आणि तारीख घालायला लावली.