जिन्याखालची गाडी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. आजवर मंडळात मी हळदीकुंकवाला अत्तर लावले, सहलीला पोह्यांचे पातेले सांभाळले, पण उभी राहून बोलले कधी नाही. शिक्षण सातवी. तेव्हा बोलण्यात काही चुकले तर पदरात घ्यावे. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही गाडीची बॅटरी बदलून लिथियमची घातलीत, त्यावर चार शब्द बोला. पुष्कळजणी विचारतात." मी लगेच हो म्हटले. त्याला कारण आहे. मला तुमच्यापुढे एक गोष्ट कबूल करायची होती आणि ती घरोघर जाऊन सांगण्याचा धीर होत नव्हता.

माझी गाडी तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. निळी, लहान, विजेवर चालणारी. २०२१ साली घेतली. तिची मोटर २५० वॅटच्या आतली आणि वेग तासाला २५ किलोमीटरच्या आतला, म्हणून तिला नंबर लागत नाही आणि चालवणारीला लायसनही लागत नाही. माझ्यासारखीला एवढेच हवे होते. माझी आई मिरजेला एकटी असते. गुडघ्यांमुळे तिला स्वयंपाकघरात फार वेळ उभे राहवत नाही. रोज सकाळी डबा घेऊन सांगलीहून मिरजेला जायचे, तिचे पाणी भरायचे, औषध द्यायचे आणि दुपारच्या आत परत यायचे. जाऊन येऊन वीस किलोमीटर. बसने जायचे तर सगळा दिवस जातो आणि रिक्षाने जायचे तर डब्यापेक्षा भाडे महाग.

गाडी आली तेव्हा तिच्यात शिशाच्या चार बॅटऱ्या होत्या. प्रत्येक १२ व्होल्टची, म्हणजे चार मिळून ४८. पहिले वर्ष सुखाचे गेले. मग गाडी चढावर कुंथू लागली. दीड वर्षाने चारही बॅटऱ्या बदलल्या, साडेदहा हजार रुपये गेले. २०२४ च्या उन्हाळ्यात दुसराही संच बसला. एक दिवस भर उन्हात विश्रामबागेपाशी गाडी थांबली ती थांबलीच. एका हातात डबा, एका हातात हँडल, अशी मी ती ढकलत नेली. आईने त्या दिवशी दुपारी दोन वाजता जेवण केले, आणि मला म्हणाली, "तू येऊ नकोस ग रोज, मी चुरमुरे खाईन." हे ऐकल्यावर बॅटरी बदलायची हे मनाशी ठरले.

या बॅटऱ्या लवकर का जातात ते माझ्या धाकट्याने मला नंतर समजावले. तो आय.टी.आय.ला इलेक्ट्रिशियनचे शिकतो. शिशाच्या बॅटरीला रोज तळ गाठणे सोसत नाही. शिवाय निम्मी रिकामी तशीच ठेवली, तर आतल्या पत्र्यांवर पांढरा थर धरतो, आपल्या बंबात क्षार धरतो तसा. मग चार्जर कितीही वेळ लावा, आत जागाच उरलेली नसते. आणि मी तर गाडी दुपारी आणून लावायची आणि रात्री दहाला चार्जिंगला जोडायची. आठ आठ तास ती रिकामीच राहायची.

आता मुख्य गोष्ट. दुसरा संच बसल्यावर मी चौकशी केली. गावातल्या एका दुकानदाराने लिथियमची बॅटरी नऊ हजारांत बसवून देतो म्हणून सांगितले. वजनाने हलकी, निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. पावती मागितली तर म्हणाला, "बाई, पावती घेतलीत तर टॅक्स लागेल." चार्जरचे विचारले तर म्हणाला, "जुनाच लावा, चालतो." आमच्या ह्यांना ते पटले नव्हते. ते म्हणाले, चार दिवस थांब, पोराला सुट्टीत येऊ दे. मीच हट्ट धरला. नऊ हजार आणि साडेदहा हजार यांतला फरक मला दिसला, बाकी काही दिसले नाही.

तिसऱ्या रात्रीची गोष्ट. गाडी नेहमीप्रमाणे जिन्याखाली चार्जिंगला लावलेली होती. दीड वाजता मला वासाने जाग आली. प्लास्टिक तापल्याचा वास आणि त्यात काहीतरी गोडसर, डोके धरणारे. खाली येऊन पाहते तो सीटखालचा भाग हात लावू देईना आणि आतून बारीक सूं सूं आवाज. ह्यांनी आधी मेन स्विच बंद केला. मग आम्ही दोघांनी गाडी ओढत ओढत समोरच्या मोकळ्या जागेत नेली आणि लांब उभे राहिलो. तिने पेट घेतला नाही ही देवाची कृपा. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकीतून विचारले, "काय जळतंय हो?"

मी म्हटले, "काही नाही काकू, दूध करपलं."

तुमच्यापैकी पुष्कळजणींना तो वास आठवत असेल. दुसऱ्या दिवशी नळावर माझ्या दुधाची चेष्टाही झाली. मी हसले. भगिनींनो, ते दूध नव्हते. आपल्या इमारतीला जिना एकच आहे. आठ बिऱ्हाडे त्या जिन्याने खाली उतरतात आणि वर त्या रात्री लहान मुले धरून तीसएक माणसे झोपलेली होती. हे मला त्याच क्षणी कळले होते, म्हणूनच तोंडातून खोटे निघाले. पुढे जिन्याखाली कोणी गाडी चार्ज करू नये असा ठराव घरमालकांच्या सभेत झाला, तेव्हा मी खाली मान घालून बसले होते. ठराव बरोबर होता. आज सर्वांची, आणि विशेषतः काकूंची, मी माफी मागते.

काय चुकले होते ते धाकट्याने सुट्टीत येऊन कागदावर मांडून दाखवले. हा हिशेब सातवीच्या भागाकाराचा आहे, म्हणून सांगते. लिथियमची बॅटरी म्हणजे लहान लहान सेलांची माळ. त्या दुकानदाराने जे सेल घातले होते, तसला एक सेल जास्तीत जास्त ४.२ व्होल्टपर्यंत भरायचा असतो. माळेत एकामागे एक असे तेरा. तेरा गुणिले ४.२ म्हणजे ५४.६. त्यापुढे एक थेंब जाता कामा नये. माझा जुना चार्जर शिशाच्या बॅटरीसाठी केलेला. त्याने मीटर लावून पाहिले, तो ५९.२ व्होल्ट देत होता. ५९.२ ला तेराने भागा. एकेका सेलाच्या वाट्याला साडेचारच्याही वर येतात. भांडे काठोकाठ भरल्यावरही आम्ही रात्रभर नळ सोडून ठेवला होता.

असे होऊ नये म्हणून बॅटरीत एक राखणदार असतो, त्याला बी.एम.एस. म्हणतात. तो प्रत्येक सेलावर नजर ठेवतो आणि कोणी जास्त भरू लागला, फार रिकामा झाला की वाट बंद करतो. आमच्या बॅटरीत तो होता, पण चार्जिंगची तार त्याला वगळून थेट जोडलेली निघाली. सेलही जुने, कुठल्या तरी टाकलेल्या बॅटऱ्यांतून काढलेले. दुकानदाराकडे ती नेऊन टाकली तर तो म्हणाला, चार्जर तुमचा, जबाबदारी तुमची. नऊ हजार बुडाले.

मग चार महिने मी बसने मिरजेला गेले. त्या दिवसांचे काही सांगत नाही.

दिवाळीत माझा भिशीचा नंबर लागला. ते पैसे पाटल्यांसाठी धरले होते. ह्यांना म्हटले, पाटल्या राहू द्या, पण या वेळी मी विचारल्याशिवाय एक पैसा देणार नाही. तीन दुकाने फिरले. सेल कोणत्या जातीचे, नवे की जुने, माळेत किती, राखणदार कोणत्या तारेवर, चार्जर कितीचा आणि हमी कागदावर देता का, एवढे प्रश्न वहीत लिहून नेले होते. पहिल्या दुकानातल्या मुलाने माझ्या वहीकडे पाहून विचारले, "मावशी, तुम्ही इन्स्पेक्टर आहात का?" दुसऱ्या दुकानात साठ व्होल्टची घाला, गाडी पळेल असे सांगितले. पळाली असती खरी, पण २५ च्या वर वेग गेला की ती मोटारगाडी ठरते. मग नंबर हवा, लायसन हवे, विमा हवा. शिवाय गाडीचा कंट्रोलर ४८ साठी केलेला, तो जळण्याची भीती निराळीच. तिसऱ्याने मात्र प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिले आणि सोळा सेल मला मीटरवर मोजून दाखवले.

हे सेल दुसऱ्या जातीचे आहेत. लिथियमबरोबर लोखंड आणि फॉस्फेट असलेले. धाकटा सांगतो, ज्या तीन शास्त्रज्ञांना या बॅटरीबद्दल २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांतल्या गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत ही जात निघाली. पारितोषिक मिळाले तेव्हा त्यांचे वय ९७ होते. आपण पन्नाशीच्या आतच आता काय शिकायचे म्हणतो! ही जात तापली तरी लवकर बिथरत नाही. पेटतच नाही असे मात्र कोणी समजू नये. एक सेल ३.२ व्होल्टचा, सोळा मिळून ५१.२. भरायचा तो ३.६५ पर्यंत, म्हणजे सोळा मिळून ५८.४. चार्जर त्याच आकड्याचा, बॅटरीबरोबरच घेतला. जुना चार्जर पुढच्या भाजीवाल्याच्या गाडीला शिशाच्याच बॅटऱ्या आहेत, त्याला देऊन टाकला. दोन्हींची पिन सारखीच आहे. घरात ठेवला असता तर केव्हा ना केव्हा घाईत हातात आला असता.

सगळे मिळून साडेतेवीस हजार पडले. शिशाच्या जुन्या बॅटऱ्यांचे दुकानदाराने वजनावर सव्वादोन हजार दिले. त्या बॅटऱ्या आपण भंगारवाल्याला देतो आणि तो अंगणात फोडतो, तसे करू नये. आत तेजाब असते, आणि शिसे लहान मुलांच्या पोटात गेले तर त्यांच्या डोक्याच्या वाढीवर परिणाम करते. नवी बॅटरी विकणाराच जुनी परत घेतो.

बसवतानाही थोडे पाहावे लागले. वाण्याच्या काट्यावर जुना संच सव्वीस किलो भरला होता, नवी बॅटरी दहा. तेव्हा सीटखाली जागा मोकळी राहिली आणि खड्ड्यात बॅटरी आदळू लागली. तिला पट्टीने आवळले आणि बाजूंना जुन्या ट्यूबचे रबर घातले. तारेत फ्यूज घातला. दुसरे म्हणजे गाडीवरचा काटा आता खोटे बोलतो. तो शिशाच्या हिशेबाने केलेला. लिथियमचा दाब शेवटपर्यंत जवळजवळ सारखा राहतो आणि मग एकदम पडतो, म्हणून काटा भरलेली दाखवतो आणि गाडी थांबते. मी काट्याकडे पाहणे सोडले. किलोमीटर मोजते. मिरजेला जाऊन आले तरी निम्मी उरते, पण मी रोजच भरते.

फायदा झाला का, असे सगळ्याजणी विचारतात. शिशाच्या बॅटऱ्यांना तीन वर्षांत एकवीस हजार लागत होते. ही तीन वर्षे पुरली तर बरोबरी, पुढे जाईल तो फायदा. हमी तीन वर्षांची आहे आणि तेवढी अजून झालेली नाहीत, तेव्हा आज मी फायदा झाला म्हणणार नाही. बुडालेले नऊ हजार त्यात धरले तर हिशेब आणखी लांबतो. आईचे जेवण मात्र साडेअकराला होते.

२०२२ च्या उन्हाळ्यात ठिकठिकाणी विजेच्या गाड्या पेटल्या, त्यानंतर सरकारने बॅटरीच्या परीक्षेचे नियम कडक केले. ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ असे दोन टप्प्यांत लागू झाले. पण बोळातल्या दुकानात निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या बॅटरीपर्यंत नियम पोचतोच असे नाही. तिथे आपल्यालाच विचारावे लागते. आणि बॅटरी कितीही चांगली असली तरी ती रात्री, सगळे झोपलेले असताना, वाटेत चार्ज करू नये. मी आता दुपारी करते. गाडी आल्यावर अर्धा तास थंड होऊ देते, मग जोडते, आणि भरली की काढते. सध्या आमच्या खिडकीतून वायर खाली सोडून भागवते, तेही काही बरे नाही.

म्हणून एक विनंती आहे. इमारतीत आता माझ्यासकट तीन विजेच्या गाड्या झाल्या आहेत. फाटकाजवळच्या भिंतीला, जिन्यापासून लांब, पारिजातकाच्या अलीकडे एक स्वतंत्र सॉकेट, वर पत्रा, आणि तिघींचे वेगळे लहान मीटर एवढे बसवायचे आहे. एकदा चार्ज करायला सव्वा युनिटच्या आसपास वीज लागते. ती ज्याची त्याने भरायची. वायरमनने सर्व मिळून सहा हजार सांगितले आहेत, ते आम्ही तिघी देऊ. घरमालकांची सभा पुढच्या रविवारी आहे, तिथे आपण होय म्हणावे. काकूंची हरकत एवढीच आहे की त्या भिंतीला त्यांची कपड्यांची दोरी आहे. काकू, दोरीसाठी पलीकडच्या भिंतीला खिळे मी आणून ठेवले आहेत. कुठे ठोकायचे ते तुम्ही दाखवा.