शांतारामांचे सरस व निरस बोलपट

मुळशी तालुक्यांतील माण गांवच्या शिवारांत आज संगणक-उद्योगाच्या इमारती उभ्या आहेत. तेथल्या एखाद्या बिऱ्हाडांत रात्रीं जेवणें आटोपल्यावर घरच्याच पडद्यावर शांतारामांचा 'कुंकू' पाहावा, आणि लागलीच त्यांचाच 'जल बिन मछली नृत्य बिन बिजली' लावावा. तरुण मंडळी हमखास विचारतील, कीं हे दोन्ही बोलपट एकाच मनुष्याचे काय? प्रश्न उद्धट वाटेल, पण टाळण्याजोगा नाहीं. 'प्रभात'चें नांव निघतांच हात जोडण्याची पुणेकरांची रीत आहे. हात जोडलेले असले म्हणजे तुलना होत नाहीं.

शांतारामांना युक्तीचा, नव्या साधनाचा विलक्षण सोस. १९३३ सालीं 'सैरंध्री' रंगीत करण्याच्या हौसेनें त्यांनीं तो छपाईसाठीं जर्मनीस नेला. रंग मनाजोगे उतरले नाहींत. तो बोलपट फसला खरा, परंतु प्रवास फुकट गेला नाहीं. तिकडील छायाप्रकाशाची भाषा त्यांच्या डोळ्यांत भरली, आणि पुढल्याच वर्षीं 'अमृतमंथन'मध्यें राजगुरूचा एकच डोळा पडदा व्यापून बसला. ही युक्तीच होती. पण त्या डोळ्यांत धर्मांधतेचा धाक होता, म्हणून ती शोभली.

'कुंकू' (१९३७) हा या दृष्टीनें कळस. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचें हें चित्र. वेगळें पार्श्वसंगीत त्यांत नाहीं. जो ध्वनि ऐकूं येतो तो दृश्यांतूनच उगवतो. वृद्ध काकासाहेबांस आरसा त्यांचें वय सांगतो, तेथें वक्तृत्वाची गरज उरत नाहीं. शांता आपट्यांची नीरा रडत बसत नाहीं, ती नकार देते. मात्र शेवटीं काकासाहेबांच्या आत्महत्येनें गांठ सोडविली आहे, ही लेखणीची पळवाट होय. नीरेनें जिंकलेला लढा मृत्यूच्या हातून संपावा, हें आजहि खटकतें. उत्तम कृतींतला हा दोष सांगितल्यानें तिची उंची घटत नाहीं.

१९४२ मध्यें शांताराम 'प्रभात' सोडून मुंबईस गेले व त्यांनीं 'राजकमल' उभारलें. दामले-फत्तेलालांसारखे तोलाचे भागीदार आतां शेजारीं नव्हते. 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) व 'नवरंग' (१९५९) यांत रंग, नाच, सजावट यांची लयलूट आहे, सी. रामचंद्रांचीं 'नवरंग'मधलीं गाणीं तर गोडच. पण कवि, त्याची पत्नी आणि त्याच्या कल्पनेंतली मोहिनी यांच्यामधला पेंच नृत्यांच्या गर्दींत हरवतो. पूर्वीं युक्ति कथेची चाकरी करीत असे. येथें कथाच युक्तीच्या दारीं उभी राहते. लोकांनीं 'नवरंग' डोक्यावर घेतला, ही गोष्ट निराळी.

गंमत अशी, कीं या दोहोंच्या मध्येंच, १९५७ त, 'दो आंखें बारह हाथ' हा साधा कृष्णधवल बोलपट झाला. औंध संस्थानांतल्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून सुचलेला, सहा कैद्यांचा. १९५८ त बर्लिनला त्याला रौप्य अस्वल मिळालें. त्याच महोत्सवांत सुवर्ण अस्वल स्वीडनच्या इंगमार बर्गमनच्या 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज'ला. हा शेजार सूचक आहे. बर्गमनहि पुढें घसरला. मायदेश सोडून जर्मनींत गेल्यावर १९७७ त त्यानें 'द सर्पंट्स एग' काढला. पैसा मुबलक, १९२३ च्या बर्लिनचा अख्खा रस्ता बांधलेला, पण माणसें त्या रस्त्यावर पाहुण्यासारखीं वावरतात. दोन चेहऱ्यांमधली जी शांतता हें त्याचें खरें भांडवल, ती देखाव्याच्या गजबजाटांत ऐकूं येत नाहीं. १९६० पासून जुन्या 'प्रभात'च्याच आवारांत चित्रपटविद्या शिकणाऱ्यांना हे दोन्ही कलावंत शेजारीं शेजारीं ठेवून पाहणें सहज शक्य आहे.

शांतारामांचा अधिकार अखेरपर्यंत संपला नव्हता, याची साक्ष 'पिंजरा' (१९७२) देतो. तमासगिरिणीपायीं धुळीस मिळालेला शिक्षक पाहून १९३० चा जर्मन 'ब्लू एंजल' आठवतो. संध्याबाईंचीं नृत्यें लांबलीं आहेत, रंग भडक आहेत. जुनी खोड गेलेली नाहीं. पण गांवानें मेला म्हणून समजलेल्या मास्तरांचा पुतळा उभारावा, आणि त्याच मास्तरांवर मास्तरांच्याच खुनाचा आळ यावा, तेव्हां डॉ. श्रीराम लागू गप्प उभे राहतात. आणि तेवढ्या वेळापुरतें पडद्यावर दुसरें कांहींहि हलत नाहीं.