पालक-शिक्षक सभा : इतरांच्या वेळेचा हिशेब



या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्य, विज्ञान, लोकजीवन अशा भारदस्त विषयांवर विद्वानांची भाषणे झाली. त्या मालिकेत ‘पालक-शिक्षक संघाची सभा कशी चालवावी’ हा विषय काहीसा किरकोळ वाटेल, याची मला जाणीव आहे. परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांच्या आयुष्यातील कितीतरी सायंकाळी अशाच सभांत गेल्या. संघाची जुनी इतिवृत्ते आजही शाळेच्या कपाटात आहेत आणि त्यांतली बहुतेक त्यांच्याच हस्ताक्षरात आहेत. माझा अधिकार म्हणाल, तर मी या शाळेचा विद्यार्थी, पुढे येथलाच पालक आणि अकरा वर्षे संघाचा चिटणीस. पोटापाण्यासाठी सहकारी बँकेत नोकरी केली. तेथे सभा ही नित्याचीच गोष्ट. त्यामुळे सभेत बसण्याचा अनुभव मात्र विपुल आहे.

सभेचे शास्त्र आपल्याकडे परके नाही. काकासाहेब गाडगीळ यांच्यासारख्या मुरब्बी राजकारण्याने ‘सभाशास्त्र’ या नावाचे पुस्तकच मराठीत लिहिले. पाश्चात्त्य देशांत या विषयावर ज्याचा ग्रंथ प्रमाण मानतात, तो हेन्री रॉबर्ट हा अमेरिकन लष्करातला अभियंता. 1863 साली न्यू बेडफर्ड या गावी एका चर्चमधील सभेचे अध्यक्षपद अचानक त्याच्या गळ्यात पडले आणि सभा त्याच्या हाताबाहेर गेली. त्या फजितीतून अभ्यास सुरू झाला आणि 1876 साली त्याचे नियमांचे पुस्तक निघाले. त्या पुस्तकातले सगळे नियम शाळेच्या सभेला लागू करू गेल्यास पालक पळून जातील. पण त्यातला एक नियम मला लाखमोलाचा वाटतो. एखाद्या विषयावर जो एकदा बोलला, त्याने त्याच विषयावर न बोललेल्या माणसाला बोलायचे असेल तोवर पुन्हा उठू नये. एवढा एक नियम पाळला तरी आपल्या निम्म्या सभांचे रूप पालटेल.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सभेला चाळीस पालक आले आणि ती दोन तास चालली, तर ऐंशी तास खर्ची पडले. आठ तासांचा दिवस धरला तर ही दहा माणसांची एका दिवसाची मजुरी झाली. आमच्या शाळेचे पालक कोण आहेत? वडगाव-शहापूरकडे मागावर काम करणारे आहेत, घरी कांड्या भरणाऱ्या आया आहेत, उद्यमबागेत पाळीने जाणारे कामगार आहेत, येळ्ळूरच्या बाजूचे शेतकरी आहेत. यांच्यापैकी कोणालाही पगारी रजा मिळत नाही. बुधवारी सकाळी अकराला सभा बोलावली म्हणजे त्यांच्याकडून न विचारता वर्गणीच घेतली. संघाच्या निधीतले शंभर रुपये खर्च झाले तर आपण पावती मागतो. या दहा दिवसांच्या मजुरीची पावती कोण मागतो? सभेच्या अखेरीस या खर्चाच्या बदल्यात शाळेला काय मिळाले, असे अध्यक्षांनी स्वतःला विचारावे. उत्तर ‘चर्चा झाली’ एवढेच असेल, तर ती सभा तोट्यात गेली.

येथे कायद्याचा एक शब्द. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरवले. कर्नाटकात त्याआधीच, 2001 पासून, सरकारी शाळांत अशी समिती आली होती. खेड्यापाड्यांतील मराठी शाळांत तिला ‘शाळा सुधारणा कमिटी’ म्हणतात. आपल्यासारख्या अनुदानित शाळेत मात्र 2012 च्या दुरुस्तीनंतर या समितीचे काम सल्ल्यापुरतेच आहे. काही मंडळी यावरून असा निष्कर्ष काढतात की, मग सभेला अर्थच उरला नाही. मला तसे वाटत नाही. ज्याच्या हाती अधिकार असतो, त्याचे वाईट चाललेल्या सभेनेही भागते. ज्याच्याजवळ केवळ सल्ला आहे, त्याचा सल्ला नेमका, लेखी आणि वेळेवर नसेल तर तो कोणी ऐकत नाही.

सभा बिघडते ती बहुधा विषयपत्रिकेतच. आपली विषयपत्रिका वर्षानुवर्षे ठरलेली : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्चास मंजुरी, स्नेहसंमेलन, सहल आणि शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. यात ‘पिण्याचे पाणी’ असा विषय लिहिलेला असतो. पाण्यावर कोणीही कितीही बोलू शकतो. त्याऐवजी ‘टाकी दुरुस्त करावी की नवी घ्यावी, आणि खर्च कोणत्या निधीतून’ असे लिहिले तर पालक घरूनच विचार करून येतो. विषय प्रश्नाच्या रूपात मांडता येत नसेल, तर तो विषय सभेचा नव्हेच. त्याची सूचना फळ्यावर लिहावी.

दुसरी गोष्ट क्रमाची. पार्किन्सन या इंग्रज लेखकाने 1957 साली एका काल्पनिक समितीचे वर्णन केले. त्या समितीत अणुभट्टीचा प्रचंड खर्च अडीच मिनिटांत मंजूर होतो आणि सायकलींच्या छपरावर पाऊण तास खल चालतो, कारण अणुभट्टी कोणालाच कळत नाही आणि छप्पर प्रत्येकाला कळते. आमच्याकडे अणुभट्टी नव्हती, पण स्नेहसंमेलनाचा अल्पोपाहार होता. तो पोहे की उपीट, यावर पन्नास मिनिटे चर्चा झालेली मी इतिवृत्तात नोंदवली आहे. त्याच सभेत वर्गांच्या गळक्या छपराचा विषय चार मिनिटांत ‘पुढील सभेत विचार करावा’ म्हणून संपला. अवघड विषय पहिल्या अर्ध्या तासात घ्यावा. अल्पोपाहार तिघांवर सोपवावा. ऐनवेळच्या विषयांना पंधरा मिनिटांची मर्यादा घालावी आणि घड्याळ सर्वांना दिसेल असे टांगावे.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे न बोलणारे पालक. एकदा अशीच लांबलेली सभा संपली. आभार मानून झाले, चपला घालण्याची गडबड चालली होती, तेव्हा मागच्या रांगेतील एक मावशी दाराशी थांबून मला म्हणाल्या, “सर, एक सांगू काय? पोरींच्या संडासाला आतून कडी नाही. आमची पोरगी म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही.” दोन तासांत या वाक्याला जागा मिळाली नव्हती. दुसऱ्याच दिवशी कडी बसली. बाई आधी का बोलल्या नाहीत, असे कोणी विचारील. पुढे बसलेले डॉक्टर, वकील आणि आमच्यासारखे बँकवाले अस्खलित बोलत असताना कांड्या भरणाऱ्या बाईने उठून संडासाबद्दल बोलावे, ही अपेक्षाच गैर आहे. तिला बोलण्याची सोय करणे हे सभा चालवणाऱ्याचे काम आहे.

ती सोय कशी करावी? पुण्याच्या सार्वजनिक सभेचे उदाहरण मला नेहमी आठवते. 1870 साली ती स्थापन झाली, तेव्हा सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान पन्नास माणसांचे मुखत्यारपत्र आणावे असा दंडक होता. आपण कोणाच्या वतीने बोलतो, हे आधी दाखवा, असा त्याचा अर्थ. आपल्या संघात वर्गप्रतिनिधी असतात. त्यांनी सभेआधीच्या आठवड्यात आपल्या गल्लीतल्या आठ-दहा घरी जावे, ज्यांना वाचता येत नाही त्यांना विषयपत्रिका वाचून दाखवावी आणि त्यांचे म्हणणे कागदावर टिपून आणावे. सभेत ते कागद आधी वाचावेत, मग पुढच्या रांगेला बोलू द्यावे. आम्ही हे तीन वर्षे केले. मुलींचे स्वच्छतागृह, बसथांब्यावरची गर्दी, पावसाळ्यात ओल्या चटया, परीक्षेच्या काळात भाताच्या कापणीमुळे होणारी गैरहजेरी, हे सारे त्या कागदांतून आले. व्यासपीठावरून असा एकही विषय आला नव्हता.

वैयक्तिक तक्रारींना मात्र सभेत थारा देऊ नये. ‘माझ्या मुलाला गुण कमी का दिले’ हा प्रश्न रास्त असेल, पण तो चाळीस माणसांपुढे विचारला की शिक्षकाचा अपमान होतो आणि मुलाचाही. त्यासाठी शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास राखून ठेवावा. शिक्षकही दिवसभर शिकवून थकलेल्या अवस्थेत या सभेला बसतात, याचा पालकांना विसर पडतो.

इतिवृत्ताबद्दल थोडे विस्ताराने बोलतो, कारण गुरुजींचा जीव त्यात होता. ‘सर्वानुमते मंजूर’ हे आपले आवडते वाक्य. त्याच्या आड किती ठराव निजून राहिले, याची गणती नाही. गुरुजी प्रत्येक ठरावापुढे तीन गोष्टी लिहीत : काम कोणाचे, कोणत्या तारखेपर्यंत, पैसे कोठून. नाव लिहिण्याआधी त्या माणसाला उभे करून ‘तुम्ही करणार ना?’ असे विचारीत. ‘समितीने पाहावे’ हे शब्द त्यांनी कधी लिहिले नाहीत, कारण समिती कोणाच्या दारात जाऊन उभी राहत नाही. सभा संपण्याआधी ते इतिवृत्त तेथेच वाचून दाखवीत आणि अध्यक्षांची सही घेऊनच वही मिटत. पुढच्या सभेचा आरंभ त्याच यादीने होई आणि ज्याचे काम राहिले असेल तो स्वतःच मान खाली घाली. रागावण्याची गरज पडत नसे.

अलीकडे मोबाइलवर पालकांचे गट झाले आहेत. सूचना पोहोचवायला ते उत्तम आहेत. पण तेथे रात्री अकरा वाजता सुरू झालेला वाद सकाळी ठराव समजला जातो, हे घातक आहे. ठराव सभेतच व्हावा आणि वहीतच लिहावा. आपल्या भागातली आणखी एक अडचण म्हणजे इतिवृत्त मराठीत आणि खात्याशी पत्रव्यवहार कन्नडमध्ये. भाषांतराअभावी चांगला ठराव महिनोन् महिने कपाटात राहतो. कन्नड उत्तम जाणणारे पालक आज प्रत्येक वर्गात आहेत. त्यांतल्या दोघांकडे हे काम सोपवून, सभेपासून आठ दिवसांत पत्र गेलेच पाहिजे असा नियम करावा.

हे सारे कशासाठी, असे विचाराल तर कारण रोकडे आहे. ज्या पालकाचे सभेत ऐकले जात नाही, तो भांडत नाही. तो पुढच्या सभेला येत नाही, आणि मे महिन्यात शांतपणे दाखला मागतो. इंग्रजी माध्यमाच्या ओढीने गेला, असे आपण म्हणतो आणि ते अंशतः खरेही आहे. पण दाखला नेणाऱ्या काही पालकांशी मी बोललो आहे. ‘तिथे निदान विचारतात तरी’ असे त्यांतल्या दोघांनी सांगितले. मराठी शाळेच्या भवितव्यावर आपण परिसंवाद घेतो. त्या भवितव्याचा एक भाग या सभागृहातल्या मागच्या रांगेत बसलेला असतो.

येत्या जूनमध्ये नव्या वर्षाची पहिली सभा होईल. पेरणीची घाई असेल, तेव्हा ती रविवारी सायंकाळी ठेवावी, असे मी मुख्याध्यापिका बाईंना सुचवले आहे. लहान मुलांना घेऊन येणाऱ्या आयांसाठी बालवाडीचा वर्ग उघडा ठेवण्याचे त्यांनी मान्य केले आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी दोघे-तिघे त्या दीड तासात मुलांना सांभाळायला आले, तर त्यांची नावे आजच कार्यालयात द्यावीत.