ट्रॅक्टर ओढतो, पण थांबवतो का?



गटाची ट्रॉली भाड्याने गेली की गिऱ्हाईक म्हणतंच, "अजून दहा पोती टाका, ट्रॅक्टर ओढतोय की!" ओढतो हो, पण उतारावर थांबवायचं कुणी? बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. मग मागचं वजन ट्रॅक्टरलाच पुढे ढकलतं. चढावर पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग लागत नाही.

हिशोब सोपा आहे. ट्रॉलीच्या आरसीवर दोन वजनं असतात, रिकामं आणि भरलेलं. समजा रिकामं १,५०० किलो, भरलेलं ६,०००. वजाबाकी ४,५००. म्हणजे ५० किलोची ९० पोती, एक्क्याण्णवावं नाही. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत ओढायची मर्यादा ६,००० हून कमी असेल तर तीच धरा, आणि तिच्यात ट्रॉलीचं वजनही मोजा.

माल सारखा पसरा, सगळा मागे नको. उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाकायला सांगा; न्यूट्रल कधीच नाही. मालावर कुणाला बसू देऊ नका.

आपल्या ट्रॉलीचा आकडा काढा आणि फाळक्यावर रंगानं लिहून टाका. मग गिऱ्हाइकाशी वाद घालावा लागणार नाही. जास्त माल असेल तर दुसरी खेप करा.