तळ्याचा बांध: मृगाआधी एक फेरी



गावाजवळच्या तळ्यावर पोरं डुंबतात, सुट्टीला आलेले पाहुणे फिरायला जातात, गणपतीही तिथंच विसर्जन करतात. सगळ्यांची नजर पाण्याकडे. ज्या मातीच्या बांधानं ते पाणी धरलंय, त्याच्याकडे कोण बघतं?

रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण मातीचंच. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटलं, पायथ्याची वाडी वाहून गेली, माणसं दगावली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. खेकड्यांचं नाव पुढं झालं. खेकडा बिळं करतो हे खरं, पण बीळ बघून बुजवणं हे माणसाचं काम!

म्हणून मृगाआधी चार-पाच जणांनी बांधावर फेरी मारा. माथ्यावर भेग आहे का, भराव कुठं खचलाय का, पाण्याकडचे दगड निसटलेत का, ते बघा. खेकड्याचं किंवा घुशीचं बीळ सापडलं तर नुसतं तोंड बुजवू नका. आत पोकळी तशीच राहते. बीळ शेवटपर्यंत खणा आणि ओलसर चिकण माती वीतभर थरांनी धुमसत भरा. बांधावर हरळी चांगली, झाडं नकोत. झाड मेलं की मुळं कुजतात आणि पाण्याला आयती वाट मिळते. सहलीची मंडळी उतारावरून चढून पायवाट पाडतात, तिथंच पुढं ओघळ पडते. चढायला एका बाजूला पायऱ्या करून द्या.

सांडव्याबाबत मात्र भीड ठेवू नका. जास्त पाणी साठावं म्हणून काही जण सांडव्यात पोती रचतात. हे करू देऊ नका. मातीच्या बांधावरून पाणी गेलं, की बांध धुपून फुटायला वेळ लागत नाही.

आता पाझराचं. पायथ्याशी थोडं नितळ पाणी झिरपतं, त्याला लगेच भिऊ नये; रोज नजर ठेवावी. पण तेच पाणी गढूळ झालं किंवा वाढलं, तर आतली माती वाहून चालली असं समजा. रात्र असली तरी खालच्या वस्तीला उठवा, उंचावर न्या, तहसील आणि पाटबंधारे कचेरीला कळवा. पाझराच्या तोंडावर चिखल थापू नका. पाणी दुसरीकडून फुटेल. आधी वाळू, तिच्यावर खडी, वर दगड टाका. पाणी येईल, माती अडेल. पण मोठी धार लागली असेल तर जवळ जाऊच नका.

ही वाळू-खडी उन्हाळ्यातच बांधाच्या टोकाशी टाकून ठेवा. पावसात बैलगाडीच काय, ट्रॅक्टरही तिथवर पोचत नाही.