सारणीत न सापडणारी माणसे

तंजावरचा राजवाडा नायकांनी उभारला आणि भोसल्यांनी वाढविला. दुसरे सरफोजी राजे १७९८ साली गादीवर आले. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला व राजाच्या हाती किल्ला आणि त्याचा परिसर एवढेच उरले. पण या चिमुकल्या सत्तेत त्या पुरुषाने जे केले, ते मोठमोठ्या संस्थानिकांना साधले नाही. सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह त्याने वाढविला आणि वैद्यकासाठी धन्वंतरी महाल चालविला. त्या काळच्या नेत्ररोग्यांची टिपणे सरस्वती महालात अद्याप जपलेली आहेत. त्यांत रोग्यागणिक हकीकत आहे आणि दुखऱ्या डोळ्यांची रंगीत चित्रेही आहेत.

‘रोग्यागणिक’ या एका शब्दात त्या कागदांचे सारे मोल आहे. समजा, एखाद्या कारकुनाने या टिपणांवरून वय, दृष्टी आणि दुखण्याचा काळ यांचा परस्परसंबंध दाखविणारे एक सुबक कोष्टक केले असते आणि मूळ कागद जाळून टाकले असते, तर आज काय उरले असते? संख्याशास्त्रात हा प्रश्न वेगळ्या वेषात पुनःपुन्हा उभा राहतो.

१९०४ साली चार्ल्स स्पिअरमन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने असे सुचविले की, निरनिराळ्या विषयांतील गुण एकमेकांशी जुळतात याचे कारण त्यांच्यामागे एक सामाईक घटक असतो. तो घटक प्रत्यक्ष मोजता येत नाही, त्याचा माग काढावा लागतो. मागासाठी लागते ती केवळ सहसंबंधांची सारणी. श्रोत्यांजवळ कागद-पेन्सिल असेल तर ती हाती घ्यावी. एका कचेरीतील उमेदवारांची मोडी वाचन, शुद्धलेखन व हिशेब या तीन विषयांत परीक्षा झाली, अशी कल्पना करू. मोडी व शुद्धलेखन यांचा सहसंबंध ०.५६, मोडी व हिशेब यांचा ०.४८, शुद्धलेखन व हिशेब यांचा ०.४२. आता मोडीच्या दोन संबंधांचा गुणाकार करावा, त्यास तिसऱ्याने भागावे आणि वर्गमूळ काढावे. उत्तर ०.८ येते. हा मोडीचा घटकावरील भार. याच रीतीने शुद्धलेखनाचा ०.७ व हिशेबाचा ०.६ येतो. इथवर एकाही उमेदवाराचे नाव लागले नाही!

येथून पुढे मात्र माणूस लागतो. अमक्या उमेदवाराच्या ठिकाणी तो घटक किती, हे सांगणाऱ्या अंकास घटकांक म्हणू. थर्स्टनच्या रीतीने तो काढण्यास लागणारे गुणक सारणीतूनच मिळतात : सुमारे ०.५२, ०.३२ व ०.२२. पण हे गुणक कशास लावावयाचे? उमेदवाराच्या गुणांस, तेही समूहाच्या मध्यापासून तो किती प्रमाणविचलने दूर आहे, हे काढल्यानंतर. मोडीत एक विचलन वर, शुद्धलेखनात नेमका मध्यावर आणि हिशेबात अर्धे विचलन खाली असलेल्या उमेदवाराचा घटकांक ०.४१ होतो. सहसंबंध काढताना मध्य व विचलन दोन्ही पुसली जातात. म्हणून केवळ सारणी हाती असलेल्यास हा अंक काढता येत नाही, मग त्याचे यंत्र कितीही वेगवान असो. मध्य व विचलने वेगळी छापलेली असली तर नव्या उमेदवाराचा अंक निघेल, जुन्यांचा नाही. यंत्राकडून सारणीशी जुळणारे आकडे हवे तितके घडवून घेता येतात. पण ते त्या उमेदवारांचे नव्हेत. एकच सारणी परस्परांशी काडीचाही संबंध नसलेल्या दोन गावांची असू शकते.

नवल असे की, काढता न येणारा घटकांक किती भरवशाचा ठरला असता, हे मात्र सारणी सांगते. वरील उदाहरणात खरा घटक आणि काढलेला अंक यांचा सहसंबंध सुमारे ०.८८ येतो. म्हणजे पुष्कळ बरा. पण एखाद्याची नोकरी केवळ त्यावर ठरवावी इतका नव्हे. बार्टलेटने १९३७ साली दुसरी रीत दिली. घटक एकच असेल तर दोन्ही रीतींनी उमेदवारांचा अनुक्रम तोच लागतो, म्हणून त्या वादात येथे शिरावयाचे कारण नाही.

माणसांची नावे उघडी पडू नयेत म्हणून केवळ सारणी छापणे योग्यच आहे. रोग्याचे दुखणे चव्हाट्यावर का आणावे? परंतु छापणे वेगळे आणि राखणे वेगळे. कोष्टक वरिष्ठांकडे गेले की मूळ पत्रके अडगळ वाटू लागतात, आणि एखाद्या आवराआवरीच्या दिवशी ती रद्दीत जातात. वीस वर्षांनी कोणी विचारतो की, त्या उमेदवारांपैकी पुढे कोण चमकले? सारणी निरुत्तर होते. तंजावरच्या टिपणकारास सहसंबंध हा शब्दही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण त्याने एकेक डोळा वेगळा चितारला, आणि म्हणूनच आजचा नेत्रवैद्य ते चित्र समोर ठेवून, त्या रोग्यास काय झाले असावे याचा विचार करू शकतो.